दिवसभर चालणारी पूल स्पर्धा: पहिल्या ब्रेकपासून शेवटच्या रॅकपर्यंत टिकायचं कसं

सराव करताना तास-दीड तास झकास पूल (टेबलावर काठीने, म्हणजे क्यूने, बॉल पॉकेटात घालायचा खेळ) खेळणारा खेळाडू स्पर्धेत संध्याकाळी पाचनंतर सरळ रेषेतले बॉल चुकवायला लागतो. हात तोच, क्यू तोच, सकाळी हेच बॉल डोळे मिटून जात होते. मधल्या वेळात पाठ अवघडलेली असते, पाय जड झालेले असतात, डोळे चुरचुरत असतात आणि डोकं केव्हाचंच थकलेलं असतं. पूलमध्ये धावावं लागत नाही, धाप लागत नाही, त्यामुळे हा थकवा आपल्याला चढलाय हेच नवख्या खेळाडूच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, आज नेम बिघडला. मग तो नेम दुरुस्त करायला जातो आणि चांगला चाललेला स्ट्रोकही हातचा घालवून बसतो.

या लेखातलं मुख्य सांगणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: दिवसभर एकाग्र राहायचा प्रयत्न करू नका. ते कुणालाच जमत नाही. लक्ष लागेल तेवढ्या वेळापुरतंच लावायचं आणि मधल्या वेळात ते खुशाल मोकळं सोडायचं. दीड तासाच्या मॅचमध्ये साधारण निम्मा वेळ समोरचा खेळाडू टेबलावर असतो. उरलेल्या निम्म्यातही बॉलभोवती फिरणं, क्यूच्या टोकाला चॉक लावणं, रॅक लावणं (डावाच्या सुरुवातीला बॉल मांडणं) यात बराच वेळ जातो. खरोखर जीव ओतून लक्ष द्यायचे क्षण थोडेच असतात, प्रत्येक शॉटला काही सेकंदांचे. ते क्षण ताजे मिळावेत यासाठी बाकीचा अख्खा दिवस कसा घालवायचा, तेच पुढे क्रमाने दिलं आहे.

१. आधी हिशोब करा: दिवस किती लांब जाऊ शकतो?

बऱ्याच पूल स्पर्धा डबल एलिमिनेशन पद्धतीच्या असतात. एकदा हरलात तर बाहेर न जाता लूझर्स साइडला (एकदा हरलेल्यांच्या गटात) जाता, दुसऱ्यांदा हरलात की स्पर्धा संपली. नवखे खेळाडू इथेच फसतात, कारण लूझर्स साइडचा रस्ता फार लांब असतो. ३२ खेळाडूंच्या ड्रॉमध्ये एकही मॅच न हरता जिंकणारा सहा मॅच खेळतो. पहिलीच मॅच हरून खालून फायनलपर्यंत पोचणाऱ्याला फायनल धरून दहा मॅच खेळाव्या लागतात, आणि वरून अपराजित आलेला तिथे हरल्यामुळे फायनल दोन सेटची झाली तर अकरा. ६४ खेळाडू असतील तर हाच आकडा बारा-तेरावर जातो.

आता एका मॅचचा वेळ धरा. रेस टू ७ असेल (जो आधी सात रॅक, म्हणजे सात डाव, जिंकेल तो विजयी) तर जास्तीत जास्त १३ रॅक होतात. एका रॅकला सात मिनिटं धरली तरी दीड तास झाला. सेफ्टीवर (बॉल पाडण्याऐवजी समोरच्याला अवघड स्थिती ठेवणारा शॉट) भर देणारे दोन खेळाडू समोरासमोर आले तर त्याहून जास्त. शिवाय प्रत्येक मॅचनंतर पुढची मॅच लागेपर्यंत थांबायचं. म्हणजे सकाळी दहाला सुरू झालेला दिवस रात्री अकराला संपला तर त्यात नवल काही नाही. अमेरिकेतली डर्बी सिटी क्लासिक ही स्पर्धा तर नऊ दिवस चालते आणि तिथल्या मॅच मध्यरात्रीनंतरही सुरू असतात.

म्हणून नाव नोंदवतानाच चार गोष्टी विचारून घ्या. रेस किती? ब्रेक (रॅकचा पहिला शॉट) जिंकणाऱ्याचा की आळीपाळीने? शॉट क्लॉक (प्रत्येक शॉटला ठरलेला वेळ) आहे का? आणि मॅच पुकारल्यावर किती मिनिटांत टेबलावर हजर व्हायचं? ही मुदत बऱ्याच स्पर्धांत १५ मिनिटांची असते, त्यानंतर मॅच हातची जाते. ब्रेकचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण जिंकणारा ब्रेक करणार असेल तर समोरचा लागोपाठ तीन-चार रॅक काढू शकतो आणि तेवढा वेळ तुम्ही खुर्चीत बसून असता. त्या बसण्याची तयारी वेगळी करावी लागते. त्याबद्दल पुढे येईलच.

२. आधीचा आठवडा

झोप हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि त्याची काळजी आदल्या रात्री घेऊन चालत नाही. आदल्या रात्री धाकधुकीने झोप नीट लागत नाही, हे बहुतेकांच्या बाबतीत होतंच. त्याच्या आधीच्या तीन-चार रात्री पोटभर झोप झालेली असेल तर एखादी रात्र कमी झोपेची गेली तरी निभावून जातं. त्यामुळे आदल्या रात्री झोप येत नाहीये म्हणून घाबरू नका. अंधारात डोळे मिटून नुसतं पडून राहिलात तरी अंगाला विश्रांती मिळते.

सरावाची पद्धतही त्या आठवड्यात थोडी बदला. रोज दोन तास सलग खेळणं आणि दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी खेळणं यात खूप फरक आहे. एक दिवस असा काढा की एक पूर्ण रेस खेळायची, मग तासभर क्यूला हात लावायचा नाही, मग दुसरी रेस, पुन्हा थांबायचं, मग तिसरी. थंड पडलेला हात पुन्हा चालू करणं हेच स्पर्धेतलं अवघड काम आहे आणि त्याचा सराव जवळजवळ कुणीच करत नाही.

शरीराच्या बाबतीत, पूल खेळताना तुम्ही दिवसातून शेकडो वेळा कमरेतून वाकता आणि वाकून मान वर उचलता. ताण येतो तो कंबर, मानेचा मागचा भाग आणि मांड्यांच्या मागच्या स्नायूंवर. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि या तीन जागांचे हलके ताण-व्यायाम एवढं सुरू केलं तरी पुरे. स्पर्धेच्या दोन दिवस आधी जिममध्ये जाऊन नवे व्यायाम मात्र करू नका. दुखऱ्या दंडाने स्ट्रोक सरळ जात नाही.

चष्मा असेल तर त्याकडेही बघा. वाकल्यावर आपण काचेच्या वरच्या कडेतून बघतो, कधी फ्रेमच आड येते. मग नकळत मान जास्त वर उचलली जाते आणि संध्याकाळपर्यंत मान आणि डोकं दोन्ही दुखायला लागतं. स्नूकरपटू डेनिस टेलर उंच आणि तिरक्या होऊ शकणाऱ्या काचांचा खास चष्मा लावून खेळायचा तो याच कारणासाठी. तुम्हाला तेवढं करायची गरज नसेल, पण नाकावर उंच बसणारी मोठ्या काचांची फ्रेम खूप फरक पाडते.

नवा क्यू, नवी टिप (क्यूचं टोक), नवे बूट यांपैकी काहीही त्या आठवड्यात सुरू करू नका.

३. पिशवीत काय हवं

पाण्याची मोठी बाटली, खायचे जिन्नस, दोन छोटे टॉवेल, स्वतःचा चॉक, टिप घासायचं साधन, वापरत असाल तर एक जादा ग्लोव्ह. त्याशिवाय एक पातळ जॅकेट. एसी हॉलमध्ये तीन तास बसलं की बोटं गार पडतात आणि गार बोटांना बारीक शॉटमधला जोर कळत नाही. बुटांचा तळ सपाट आणि मऊ हवा, कारण दिवसभरात टेबलाभोवतीच्या फेऱ्या तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त होतात. पायमोज्यांचा एक जादा जोड ठेवा. दुपारी मोजे बदलले की पायांना एकदम बरं वाटतं, करून बघा. गोंगाटाचा त्रास होत असेल तर कानातले बोळे ठेवा, पण ते किंवा इयरफोन मॅचमध्ये चालतात का, हे संयोजकांना आधी विचारा. अमेरिकेचा पूलपटू शेन व्हॅन बोनिंग जन्मापासून कमी ऐकू येत असल्यामुळे श्रवणयंत्र वापरतो आणि खेळताना ते बंद ठेवतो. शांतता किती मोलाची असते, हे त्याच्या खेळाकडे बघून कळतं.

४. खाणं-पिणं

स्पर्धेच्या दिवशी भरपेट जेवण टाळा. भरपेट जेवलं की तासाभरात सुस्ती येते आणि नेमकं तेव्हाच तुमचं नाव पुकारलं जातं. सकाळी घरून निघताना नेहमीचा नाश्ता नीट करा आणि मग दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खा. केळं, मूठभर बदाम किंवा शेंगदाणे, उकडलेलं अंडं, साधं सँडविच यांसारखं, जे तुमच्या पोटाला सवयीचं आहे ते. गोड बिस्किटं, चॉकलेट, कोल्ड ड्रिंक यांनी वीस मिनिटं तरतरी येते, पण थोड्या वेळाने ती उतरते आणि आधीपेक्षा जास्त गळून गेल्यासारखं वाटतं. भूक लागायची वाट बघू नका. ताणाखाली भूक कळत नाही, हात थरथरायला लागल्यावरच कळतं.

पाण्याचंही तेच. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. शरीरातलं पाणी थोडं जरी कमी झालं तरी आधी लक्ष विस्कळीत होतं, डोकं जड होतं. खुर्चीत बसलात की दोन घोट, असा नियमच करून टाका. एकदम अर्धी बाटली रिचवली तर मॅचच्या मध्येच उठावं लागेल.

चहा-कॉफीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा दिवस त्यांच्यामुळेच बिघडतो. कॅफिनचा परिणाम प्यायल्यावर अर्ध्या ते एक तासात पुरता जाणवतो आणि साधारण पाच तासांनंतरही त्याचा निम्मा भाग शरीरात असतो. म्हणजे प्रत्येक मॅचआधी एक कप घेतला तर ते एकावर एक साठत जातं. चौथ्या मॅचला छाती धडधडते, बोटं हलतात आणि त्या रात्री झोपही लागत नाही. रोज दोन कप घेत असाल तर त्या दिवशीही दोनच घ्या, नेहमी कॉफी घेत नसाल तर त्या दिवशी सुरू करू नका. दुसऱ्या दिवशीही खेळायचं असेल तर दुपारनंतर बंद.

दारूबद्दल माझं मत ठाम आहे: मॅच बाकी असेपर्यंत एक थेंबही नको. ‘एक घेतली की हात सैल होतो’ असं सांगणारे भेटतील. हात सैल होतो, पण त्याच्याबरोबर निर्णयही सैल होतात, आणि लांब दिवसाच्या शेवटी हरायला एक चुकीचा निर्णय पुरतो.

एक सूचना औषधांबद्दल. हृदयाचे ठोके आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा ब्लॉकर प्रकारची औषधं बिलियर्ड्सच्या सर्व प्रकारांत, म्हणजे पूलमध्येही, जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहेत. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी ती दिली असतील तर स्वतःहून बंद करू नका. चाचणी होणाऱ्या पातळीवर खेळणार असाल तर डॉक्टरांशी आणि महासंघाशी आधीच बोला. आणि मित्राकडून ‘हात स्थिर राहतो’ म्हणून गोळी कधीच घेऊ नका.

५. मॅच सुरू होण्याआधीची दहा मिनिटं

सरावाला मिळालेल्या थोड्या वेळात अवघड शॉट मारून दाखवायचा मोह आवरा. टेबल समजून घ्या. पांढरा बॉल (क्यूने मारायचा तो) समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लावून परत आपल्या बाजूच्या कुशनपाशी आणून थांबवा, तीन-चार वेळा. त्यातून कापडाचा वेग हातात बसतो. मग दोन-तीन स्टॉप शॉट (धडकेनंतर पांढरा बॉल जागीच थांबतो असे), एक लांब सरळ शॉट, कोपऱ्याच्या पॉकेटात कुशनलगतचा एक बॉल. दिवसभरात त्याच टेबलाचा स्वभाव बदलतो हे लक्षात ठेवा. सकाळी स्वच्छ बॉल आणि ताजं कापड असेल तर बॉल पळतात. संध्याकाळपर्यंत चॉकची धूळ बसते, हवेत दमटपणा वाढला तर कापड मंदावतं, आणि मळलेले बॉल एकमेकांना किंचित चिकटून कट शॉट (तिरक्या कोनाचे शॉट) जाड, म्हणजे हव्या त्यापेक्षा कमी कोनात, जातात. म्हणून सकाळी जमलेला अंदाज रात्री तसाच वापरू नका, प्रत्येक मॅचआधी नव्याने घ्या.

६. टेबलावर: एकाच पद्धतीने प्रत्येक शॉट

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, सावकाश वाचा.

थकलेल्या डोक्याला नवे निर्णय घेणं जड जातं, ठरलेल्या क्रमाने वागणं मात्र सोपं जातं. म्हणून प्रत्येक शॉटचा एकच ठरलेला क्रम हवा. मी पुढचा क्रम सुचवतो.

बॉलच्या मागे, रेषेवर उभे राहा. चॉक लावत असतानाच ठरवा: कुठला बॉल, कुठलं पॉकेट, पांढरा बॉल कुठे थांबायला हवा, किती जोर. हे सगळं उभं असतानाच ठरलं पाहिजे. चॉक लावून झाला, तो खाली ठेवला की विचार संपला. चॉक ठेवणं हीच खूण. एक श्वास सोडा, आत घ्यायचा त्यापेक्षा जरा लांब. मग ज्या रेषेवर उभे आहात त्याच रेषेत पाऊल टाकून खाली वाका. ब्रिजचा (क्यूला पुढून आधार देणारा) हात टेबलावर ठेवा, क्यूची टिप पांढऱ्या बॉलजवळ न्या. तीन सराव-स्ट्रोक, नेहमी तीनच, किंवा तुमचे नेहमीचे चार असतील तर चार. शेवटच्या सराव-स्ट्रोकनंतर टिप बॉलपाशी क्षणभर थांबवा आणि मारायच्या बॉलवर जिथे पांढरा बॉल लागायला हवा त्या ठिपक्यावर नजर स्थिर करा. मग क्यू सावकाश मागे, आणि सरळ पुढे. बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज येईपर्यंत खालीच राहा.

ती नजर स्थिर करण्याची वेळ महत्त्वाची आहे. बिलियर्ड्स खेळणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजणारा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुशल खेळाडू स्ट्रोकच्या आधी लक्ष्यावर नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात असं दिसलं, आणि शॉट जितका अवघड तितका हा वेळ लांबतो. थकल्यावर सगळ्यात आधी तोच वेळ आखडतो. नजर पांढऱ्या बॉलवरून लक्ष्याकडे आणि परत अशी भिरभिरत राहते आणि त्या भिरभिरीतच स्ट्रोक सुटून जातो.

एक नियम कडक पाळा: वाकल्यावर मनात शंका आली तर उठा. पूर्ण उठा, चॉक पुन्हा उचला, क्रम पहिल्यापासून. वाकलेल्या अवस्थेत जोर किंवा स्पिन बदलायचा नाही. शॉट क्लॉक असेल तर हे करायला कमी वेळ मिळतो, म्हणून ३० सेकंदांत दोनदा खाली जाता येईल इतका तुमचा क्रम सुटसुटीत हवा. घरी घड्याळ लावून बघा.

शॉट झाला की लक्ष मोकळं सोडा. पुढच्या बॉलकडे चालत जाताना खांदे सैल सोडा, नजर टेबलाच्या कडेवर किंवा जमिनीवर असू द्या. पुढच्या शॉटच्या मागे उभं राहिलात की पुन्हा चॉक हातात, पुन्हा लक्ष सुरू.

७. खुर्चीत बसताना

समोरचा रॅकवर रॅक काढतोय आणि तुम्ही चाळीस मिनिटं बसून आहात, अशी वेळ प्रत्येकावर येते. या वेळात बहुतेक नवखे दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर प्रत्येक शॉटला ‘चुकू दे’ म्हणत जीव मुठीत धरून बसतात, नाहीतर फोन काढतात. दोन्हीचा तोटा सारखाच. पहिल्यात ताकद जाते, दुसऱ्यात डोळे. उजळ दिव्याखालचं टेबल आणि हातातला स्क्रीन यांच्यात डोळे मागेपुढे फिरत राहिले की नंतर लांबच्या बॉलची कड धूसर दिसायला लागते.

खुर्चीत बसल्यावर आधी क्यू बाजूला नीट टेकवून ठेवा. तो हातात आवळून धरला की दंड आणि मनगट ताठरतात. टॉवेलने तळहात आणि बोटं पुसा, दोन घोट पाणी प्या, पाठ खुर्चीला टेकवा. दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवा, पायावर पाय टाकून बसलात तर पंधरा मिनिटांनी उठताना पायाला मुंग्या येतात. मग टेबलाकडे बघा, पण खेळाडूकडे नाही. बघायचं ते असं: तिसऱ्या कुशनवरून बॉल आखूड येतोय की लांब? ब्रेकनंतर कुठले बॉल कुठे जातायत? कुठलं पॉकेट घट्ट आहे? ही माहिती तुमच्या कामाची आहे आणि ती गोळा करण्यात मनाला शांत काम मिळतं. अधूनमधून नजर हॉलच्या टोकाकडे, लांब कुठेतरी न्या, डोळ्यांना आराम मिळतो.

तुमची पाळी आली की ताबडतोब झेप घेऊन वाकू नका. उठा, टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारा, शॉट समोर सोपा दिसत असला तरी. इतका वेळ बसलेल्या शरीराला उभं राहायला आणि डोळ्यांना कोन समजायला तेवढा वेळ लागतो. खूप वेळ बसल्यानंतरचा पहिला शॉटच सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून तोच सगळ्यात काळजीने खेळा.

८. दोन मॅचच्या मधले तास

स्पर्धेतली ताकद टेबलावर कमी आणि इथे जास्त संपते, हे माझं पक्कं मत आहे. जिंकलेला खेळाडू उत्साहात चार तास इतरांच्या मॅच बघत उभा राहतो, प्रत्येक शॉटवर मित्रांशी चर्चा करतो, आणि त्याची पुढची मॅच लागते तेव्हा तो दमलेला असतो.

मॅच संपली की आधी ड्रॉच्या तक्त्यावर किंवा ॲपवर बघा, पुढची मॅच साधारण केव्हा येईल. संयोजकांना विचारा आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे असल्याची खात्री करा. मग हॉलच्या बाहेर पडा. दहा मिनिटं मोकळ्या हवेत चाला, उन्हात किंवा नुसत्या उजेडात. बंद हॉलमध्ये दिवस गेला की वेळेचं भानच सुटतं. परत येऊन थोडं खा.

दोन तासांहून जास्त वेळ असेल तर डुलकी काढा, पण १५ ते २० मिनिटांचीच, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर झोप गाढ लागते आणि उठल्यावर बराच वेळ डोकं भणभणतं. झोप आली नाही तरी डोळ्यांवर टॉवेल ठेवून आडवं होणं पुरे. पाठ सपाट झाली की कमरेला खूप बरं वाटतं.

सरावाचं टेबल रिकामं दिसलं म्हणून तासभर खेळत बसू नका. मॅचच्या अंदाजे वीस मिनिटं आधी दहा मिनिटं हात मोकळा केला की झालं. त्याच वेळी कंबर, मान आणि मांड्यांचे हलके ताण द्या, मनगटं फिरवा, मुठी उघडा-मिटा.

आणि हरलेल्या मॅचची गोष्ट सांगणाऱ्या मंडळींपासून जरा लांब बसा. माणसं चांगली असतात, पण दुसऱ्याच्या चुकलेल्या नाइन बॉलचं (डाव जिंकून देणाऱ्या नऊ नंबरच्या बॉलचं) वर्णन ऐकून तुमच्या डोक्यात तेच चित्र बसतं.

९. थकवा ओळखा आणि खेळ त्याप्रमाणे बदला

थकवा अंगात जाणवायच्या आधी खेळात दिसतो. चॉक लावायचं विसरणं, तीनऐवजी एकाच सराव-स्ट्रोकवर मारणं, बॉल पडायच्या आत डोकं उचलणं, सगळे शॉट गरजेपेक्षा जोरात जाणं, सेफ्टीचा विचारच न करता समोर दिसेल तो बॉल मारणं. यातली दोन लक्षणं दिसली की समजा, पाणी आणि खाणं मागे पडलंय किंवा विश्रांती हवी. नियम परवानगी देत असतील तर तेव्हा टाइम-आउट घ्या, तोंडावर गार पाणी मारा, मनगटं थंड पाण्याखाली धरा. तुम्ही पिछाडीवर जाईपर्यंत टाइम-आउट राखून ठेवायची गरज नाही.

खेळही साधा करा. थकलेला स्ट्रोक आखूड पडतो, त्यामुळे टेबलभर लांबीचा ड्रॉ (धडकेनंतर पांढरा बॉल मागे आणणारा शॉट), टोकाचं साइड स्पिन, जोराचे शॉट हे आधी दगा देतात. पांढरा बॉल कमीत कमी फिरेल असा मार्ग निवडा, शक्य तिथे स्टॉप शॉट आणि साधा रोल. ब्रेकमधला जोरही थोडा कमी करून पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर थांबवण्याकडे लक्ष द्या. शॉट निम्म्या खात्रीचा असेल तर सेफ्टी खेळा. समोरचाही तुमच्याइतकाच थकलेला असतो आणि अवघड किक शॉट (पांढरा बॉल आधी कुशनला लावून मारायचा) त्यालाही नको असतो.

१०. हरल्यानंतर

लूझर्स साइडला गेल्यावर बरेच जण मनाने घरी पोचलेले असतात. १९८५ ची जागतिक स्नूकर स्पर्धेची फायनल आठवा. स्टीव्ह डेव्हिसने पहिले आठ फ्रेम सलग जिंकले होते. डेनिस टेलर दोन दिवस मागून येत राहिला, एकदाही पुढे गेला नाही, आणि मध्यरात्र उलटल्यावर, ६८ मिनिटं चाललेल्या निर्णायक फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर १८-१७ ने जिंकला. पूर्ण सामन्यात तो पहिल्यांदा आघाडीवर गेला तो त्याच बॉलने.

हरल्यावर पंधरा मिनिटं वाईट वाटू द्या. ते दाबून टाकायचं कारण नाही. त्या वेळात कुणाशी मॅचबद्दल बोलू नका. मग वहीत एकच वाक्य लिहा: पुढच्या मॅचमध्ये काय वेगळं करायचं. ‘सेफ्टीनंतर पांढरा बॉल मध्यावर सोडायचा नाही’ इतकं नेमकं. वही बंद केली की ती मॅच संपली. त्यानंतर चालणं, पाणी, खाणं, जसं जिंकल्यावर केलं असतं तसंच.

११. रात्र, आणि स्पर्धा एकाहून जास्त दिवसांची असेल तर

रात्री उशिरा मॅच संपली की अंगातली उत्तेजना उतरायला वेळ लागतो. खोलीवर आल्या आल्या झोपायचा हट्ट धरू नका. कोमट पाण्याने अंघोळ, हलकं खाणं, मंद उजेड, आणि मॅचच्या क्लिप बघणं बंद. दुसऱ्या दिवशीचे कपडे, पिशवी, चॉक रात्रीच लावून ठेवा, म्हणजे सकाळची घाई टळते.

१२. घरी परतल्यावर वहीत लिहायचं

दुसऱ्या दिवशी, आठवणी ताज्या असताना, प्रत्येक मॅचपुढे चार गोष्टी लिहा: ती किती वाजता सुरू झाली, त्याआधी काय आणि केव्हा खाल्लं, मधल्या वेळात काय केलं, आणि पहिला सोपा बॉल कुठल्या रॅकला चुकला. दोन-तीन स्पर्धांची अशी पानं शेजारी ठेवली की तुमचं ठरावीक गणित दिसायला लागतं. कुणाचा खेळ जेवणानंतरच्या मॅचला पडतो, कुणाचा तीन तास थांबल्यावर, कुणाचा रात्री नऊनंतर. नऊनंतर पडत असेल तर आठवड्यातून एकदा सराव मुद्दाम रात्री नऊला सुरू करा, दिवसभराचं काम आटोपून, थकलेल्या अंगाने, आणि त्या सरावात फक्त चॉक ते पॉकेट हा क्रम मोडू न देता रेस टू ७ पूर्ण करा.